हवाईजवळ एकाच जागी १९८८ पासून दरमहा समुद्राचे पाणी मोजण्यात काय साधते?

कृष्णाकाठ

सर्वांना नमस्कार. मी कराड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. ‘माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश भाग समुद्र शोषून घेतो’ हे वाक्य मी कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. गेल्या महिन्यात नववीतील एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, समुद्राने किती घेतला हे कळते कसे? समुद्राला काय मीटर बसवला आहे का?” वर्ग हसला, मीही हसलो, पण तास संपल्यावर लक्षात आले की आपल्यालाही याचे उत्तर ठाऊक नाही.

घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा ‘स्टेशन अलोहा’ हे नाव समोर आले. नाव स्टेशनचे असले तरी एक तरंगता बोया वगळता तिथे पाण्यावर दुसरे काहीही नाही. हवाईतील ओआहू बेटाच्या उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरवर, २२ अंश ४५ मिनिटे उत्तर आणि १५८ अंश पश्चिम या बिंदूभोवती नकाशावर आखलेले ते एक वर्तुळ आहे आणि त्याच्याखाली जवळपास ४,८०० मीटर पाणी आहे. ऑक्टोबर १९८८ पासून हवाई विद्यापीठाचे शास्त्रज्ञ साधारणपणे महिन्यातून एकदा जहाज घेऊन तिथे जातात, निरनिराळ्या खोलीवरचे पाणी वर काढतात, मोजतात आणि परत येतात. अशा तीनशेहून अधिक फेऱ्या आजवर झाल्या आहेत. त्याच महिन्यात अटलांटिक महासागरात बर्म्युडाजवळही असेच काम सुरू झाले आणि तेही अद्याप चालू आहे.

माझी शंका अशी. पहिल्या काही वर्षांत जे कळायचे ते कळले असणारच. मग तीच जागा, तीच मापे आणि तोच खर्च पुन्हा पुन्हा कशासाठी? दुसरे म्हणजे, आता उपग्रह आहेत, समुद्रात आपोआप वर-खाली करणारी यंत्रे आहेत, तरीही माणसांनी जहाजाने जाऊन बाटल्या भरण्याची गरज का उरावी? आणि तिसरी शंका कदाचित बाळबोध वाटेल, पण विचारतो: एवढ्या अफाट महासागरातील एका ठिपक्यावरून साऱ्या समुद्राविषयी बोलता तरी कसे येते? मुलीला सांगता येईल असे उत्तर मिळाले तर आभारी राहीन. मात्र ते सोपे करण्याच्या नादात चुकीचे होऊ नये, एवढीच विनंती.

खारट

सर, आपल्या विद्यार्थिनीला सांगा की मीटर बसवलेला आहे. मात्र तो वाचण्यासाठी दर महिन्याला माणसांना तिथवर जावे लागते. मी रसायनशास्त्राचा माणूस असून काही वर्षे संशोधन-जहाजांवर पाण्याचे नमुने तपासण्याचे काम केले आहे. हवाईच्या त्या फेऱ्यांवर मी गेलेलो नाही, परंतु पद्धत सगळीकडे जवळपास तीच असते, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम आकडा किती लहान आहे ते पाहू. अलोहाच्या पृष्ठभागावरील एक किलो पाण्यात विरघळलेला असेंद्रिय कार्बन सुमारे २,००० मायक्रोमोल असतो. माणसाने जाळलेल्या कोळशा-तेलामुळे त्यात वर्षाला पडणारी भर साधारण १ मायक्रोमोल आहे. म्हणजे दोन हजार रुपयांची चिल्लर भरलेल्या डब्यात वर्षाकाठी एक रुपया वाढतो; आणि त्याच वर्षात थंडी-उन्हाळ्याच्या फेऱ्यात त्याच डब्यातून दहा-पंधरा रुपये निघतात आणि पुन्हा आत पडतात. त्याशिवाय एल निन्योच्या वर्षी वेगळा चढउतार, पाऊस कमी झाला की वेगळा, एखादा मोठा भोवरा त्या जागेवरून सरकला की आणखी वेगळा. हा एक रुपया दिसायचा असेल तर डबा वर्षानुवर्षे, बाराही महिने, त्याच तराजूवर तोलण्याला पर्याय नाही. वर्षातून एकदाच गेलात आणि यंदा मार्चऐवजी ऑगस्टमध्ये गेलात, तर जो फरक दिसेल तो ऋतूचा असेल आणि आपण त्याला हवामानबदल म्हणून बसाल.

आता हा कार्बन मोजायचा कसा, ते सांगतो. कार्बन डायऑक्साइड समुद्राच्या पाण्यात गेला की सोडावॉटरसारखा वायू म्हणून राहत नाही. त्याची पाण्याशी अभिक्रिया होऊन सुमारे ९० टक्के भाग बायकार्बोनेटच्या आणि बहुतेक उरलेला भाग कार्बोनेटच्या रूपात जातो. निव्वळ विरघळलेला वायू एक टक्क्याच्याही आत असतो. समुद्राच्या पोटात एवढा कार्बन मावतो त्याचे कारण हेच. त्यामुळे नुसता वायू मोजून भागत नाही. विरघळलेला एकूण असेंद्रिय कार्बन, पाण्याची अल्कता म्हणजे आम्ल पचवण्याची क्षमता, सामू म्हणजेच पीएच, आणि पाण्यातील कार्बन डायऑक्साइडचा दाब या चार राशींपैकी कोणत्याही दोन नीट मोजल्या की उरलेल्या दोन गणिताने काढता येतात.

मोजण्याआधीचा भाग मात्र निव्वळ हातकामाचा आहे आणि सगळी मदार त्याच्यावरच असते. लोखंडी चौकटीभोवती २४ लांबट बाटल्यांचे कडे असते, ते तारेने खाली सोडतात आणि वर येताना हव्या त्या खोलीवर एकेक बाटली बंद करतात. कडे डेकवर आले की सगळे एकदम तुटून पडत नाहीत. क्रम ठरलेला असतो. प्राणवायूचा नमुना घेणारा आधी, त्याच्यामागे कार्बनवाला, मग पोषकद्रव्ये, आणि क्षारतेचा नमुना घेणारा अगदी शेवटी, कारण मीठ हवेत उडून जात नाही, वायू मात्र जातो. कार्बनचा नमुना काचेच्या बाटलीत घेताना रबरी नळी थेट बुडापर्यंत पोचवायची, पाणी खालून वर चढू द्यायचे, बाटली भरून वाहू लागली तरी काही वेळ तशीच वाहू द्यायची, आणि नळी सावकाश काढून घ्यायची. एक बुडबुडा आत शिरला तरी हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात जातो किंवा पाण्यातला बाहेर येतो आणि तुमचा तो एक रुपया तिथेच बुडतो. नंतर वरचे थोडे पाणी काढून मर्क्युरिक क्लोराइडचे काही थेंब टाकायचे, म्हणजे आतले जीवजंतू मरतात आणि बाटलीत श्वसन चालू राहत नाही. आणि ग्रीस लावलेले बूच घट्ट बसवायचे. जहाज हलत असते, बोटे बधिर झालेली असतात, आणि रात्रीचे तीन वाजलेले असले तरी हे असेच करायचे असते.

आपला ‘तोच तराजू’ खरोखर तोच राहिला आहे हे कशावरून? यंत्रे बदलतात, माणसे निवृत्त होतात. यासाठी सॅन दिएगोच्या स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू डिक्सन यांच्या प्रयोगशाळेने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून एक व्यवस्था उभी केली. समुद्राचे पाणी निर्जंतुक करून, त्यातील कार्बन अत्यंत काटेकोरपणे मोजून, ते बाटल्यांत भरून जगभरच्या प्रयोगशाळांना पाठवायचे. प्रत्येकाने आपल्या यंत्रावर आधी ते पाणी तपासायचे. उत्तर जुळले तरच आपले नमुने लावायचे. सराफाच्या दुकानातील शिक्का मारलेल्या वजनांसारखेच हे आहे. हे पाणी नसते तर हवाईचा आकडा बर्म्युडाच्या आकड्याशेजारी ठेवण्यात काही अर्थ नव्हता.

आता आपला पहिला प्रश्न, की काही वर्षांत कळले असेलच. इथे अलोहाचाच एक किस्सा सांगण्यासारखा आहे. १९८९ ते २००१ या तेरा वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा असे दिसले की तिथल्या पाण्यातील कार्बन डायऑक्साइडचा दाब हवेतल्यापेक्षा जास्त वेगाने वाढतो आहे, म्हणजे समुद्राची शोषण्याची ताकद त्या जागी झपाट्याने कमी होते आहे. मापे चोख होती, कारणही सापडले: त्या काळात पाऊस कमी आणि बाष्पीभवन जास्त झाल्याने पाणी अधिक खारट, अधिक ‘आटलेले’ झाले होते. पुढे नोंद वीस वर्षांची झाली तेव्हा पाण्यातील वाढ हवेतील वाढीच्या जवळपास बरोबरीने चाललेली दिसली. तेरा वर्षांवर काम थांबवले असते तर आज पाठ्यपुस्तकात काय छापले असते, याचा विचार करून पाहावा. मला वाटते, आपल्या पहिल्या शंकेला याहून चांगले उत्तर मी देऊ शकणार नाही.

आणि मुलीला एखादाच आकडा सांगायचा असेल तर हा सांगा. अलोहाच्या पृष्ठभागावरील पाण्याचा सामू सुरुवातीला ८.११च्या आसपास होता, तो आता ८.०५च्या आसपास आला आहे. वर्षाला घट दोन सहस्रांशांहूनही किंचित कमी. सामूचे माप लघुगणकी असल्यामुळे एवढ्याशा दिसणाऱ्या फरकाचा अर्थ हायड्रोजन आयनांचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी वाढले असा होतो. त्याच बेटसमूहातील मौना लोआवर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली सुरू केलेली हवेतील कार्बन डायऑक्साइडची नोंद आपण वर्गात दाखवत असालच. तिच्याशेजारी अलोहाच्या पाण्यातील कार्बन डायऑक्साइडच्या दाबाचा आलेख ठेवा. दोन्ही रेषा हातात हात घालून वर जाताना दिसतील.

आकडेमोड

खारट यांचे लेखन आवडले. पण सरांच्या दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी बगल दिली आहे, असे मला वाटते. आज जगभरच्या समुद्रांत आर्गो प्रकारची सुमारे ४,००० यंत्रे तरंगत आहेत. ती एरवी १,००० मीटरवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरून वर येतात आणि उपग्रहाला आकडे पाठवतात. त्यातील काहींवर प्राणवायू, नायट्रेट आणि सामू मोजणारे संवेदकही बसवलेले आहेत. ना पगार, ना डिझेल, ना समुद्र खवळला म्हणून रद्द झालेली फेरी. एका ठिपक्यावर चार दशके खर्च करण्याऐवजी तो पैसा अशा यंत्रांवर घातला तर साऱ्या समुद्राचे चित्र मिळेल, हा हिशेब चुकीचा कसा? जुन्या पद्धतीविषयी जिव्हाळा असणे समजू शकतो, पण जिव्हाळा हे कारण होऊ शकत नाही.

खारट

बगल दिली नव्हती, दम घेत होतो. आपला मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि तो अर्धा मी मनापासून मान्य करतो: जहाज महिन्यातून एकदा जाते, त्यामुळे दोन फेऱ्यांच्या मध्ये चार-पाच दिवसांत उमलून संपलेला प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा, बहर जहाजाला कधीच दिसत नाही. तिथे यंत्रेच हवीत. म्हणून तर अलोहाजवळ २००४ पासून हवामान आणि पाणी मोजणारा बोया ठेवला आहे, आणि २०११ पासून तळावर एक वेधशाळाही आहे, जिला वीज आणि संपर्क मिळतो तो निवृत्त झालेल्या जुन्या टेलिफोन केबलमधून. समुद्रतळाशी पडून राहिलेल्या तारेचा इतका चांगला उपयोग क्वचितच कुणी केला असेल.

परंतु तरंगत्या यंत्रावरील सामूचा संवेदक काही महिन्यांत थोडा सरकतो. त्याला दुरुस्त करायचे तर खोल पाण्यातील सामू किती असायला हवा हे माहीत असावे लागते, आणि ते माहीत असते ते जहाजावरून भरलेल्या बाटल्यांमुळे. घड्याळे स्वस्त झाली म्हणून ज्या घड्याळावरून ती लावायची तेच काढून टाकता येत नाही.

दुसरी बाब अशी की काही गोष्टी यंत्राच्या आवाक्यातच नाहीत. समुद्रातील कार्बनची निम्मी कथा जीवांची आहे. अलोहाचे पाणी निळेशार दिसते, कारण त्यात पोषकद्रव्यांची वानवा आहे. तरीही एका मिलीलिटरमध्ये प्रोक्लोरोकॉकस नावाचे प्रकाशसंश्लेषण करणारे सूक्ष्मजीव लाखांच्या संख्येने असतात. मिलिमीटरचा दोन हजारावा भाग एवढा हा जीव, आणि त्याचा शोध १९८०च्या दशकात लागला, म्हणजे अलोहाचे काम सुरू व्हायला जेमतेम आगेमागे. हे जीव पाण्यातील कार्बन घेतात, त्यांना दुसरे खातात, आणि जे उरते-सुरते ते विष्ठा, कवच आणि चोथा होऊन खाली झिरपते. त्यातील किती खाली गेला हे कळण्यासाठी पाण्यात १५० मीटरवर गाळसापळे टांगतात, म्हणजे वरून पडणारा पाऊस धरायला ठेवलेली भांडीच. वर तयार होणाऱ्या सेंद्रिय कार्बनपैकी शंभरातील पाचेक भागच त्या भांड्यांत येतो. बाकीचा वरच्या वर खाल्ला आणि श्वासावाटे परत सोडला जातो.

या सापळ्यांनी दाखवलेली एक गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते. ४,००० मीटर खोलीवरील सापळ्याच्या १९९२ ते २००४ या तेरा वर्षांच्या नोंदींत, दरवर्षी १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या सुमारास खाली येणाऱ्या कार्बनची एक मोठी सर आढळली. वर वादळ नाही, थंडी नाही, पाणी शांत आणि ऊबदार. आणि तरीही ही सर ठरल्या तिथीला हजर. डेव्हिड कार्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे कारण शोधले ते असे की उन्हाळ्यात काही डायटम (एक प्रकारची सूक्ष्म शैवाले) आपल्या पोटात नायट्रोजन स्थिर करणारे सूक्ष्मजीव वागवतात, त्यामुळे खताविना शेती पिकते, आणि डायटमचे काचेसारखे कवच जड असल्याने तो कार्बन वाटेत खाल्ला न जाता झपाट्याने तळाकडे जातो. एका वर्षी अशी सर दिसली असती तर ‘योगायोग’ म्हणून सोडून दिली असती. तेरा वर्षे त्याच तारखांना दिसली म्हणून ती निसर्गाची घडण ठरली. उपग्रहाला हे दिसत नाही. तो पाण्याच्या वरच्या थराचा रंग पाहतो. आणि त्या रंगाच्या बाबतीतही २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा आहे की हरितद्रव्यातील हवामानबदलाचा परिणाम नैसर्गिक चढउतारातून वेगळा काढण्यासाठी सुमारे ४० वर्षांची सलग नोंद लागेल.

सरांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. एका ठिपक्यावरून साऱ्या समुद्राविषयी बोलता येत नाही, आणि जाणकार तसे बोलतही नाहीत. ‘एक चतुर्थांश’ हा आकडा व्यापारी आणि संशोधन-जहाजांनी वाटेत घेतलेली पृष्ठभागाची लाखो मापे, महासागर आडवे-उभे कापून जाणाऱ्या मोहिमा आणि संगणकीय प्रारूपे अशा पुष्कळ मार्गांनी येतो. अलोहासारखी ठिकाणे त्या प्रारूपांची परीक्षा घेतात: इथला महिना-महिन्याचा चढउतार तुम्हाला कारणासकट दाखवता येतो का?

पर्जन्यवेडा

समुद्रातले मला काही कळत नाही, पण ‘तोच तराजू’ या मुद्द्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही. आम्ही आजरा तालुक्यातले. घरी वडिलांनी अंगणात पर्जन्यमापक बसवला होता आणि ते रोज सकाळी साडेआठला पाऊस वहीत लिहीत. त्यांच्यानंतर मी लिहू लागलो. घराचे काम काढले तेव्हा मापक अंगणातून गच्चीवर नेला. पुढची तीन वर्षे पाऊस कमी झाला असे मी सगळ्यांना सांगत होतो. मग एका जाणत्या माणसाने विचारले की गच्चीवर वारा किती असतो? वाऱ्याने थेंब तिरके जातात आणि मापकात कमी पडतात. दोन्ही जागी एखादे वर्ष दोन मापके शेजारी-शेजारी ठेवली असती तर फरक काढता आला असता. आता वडिलांची वही आणि माझी वही एकमेकींना जोडता येत नाहीत. तिकडे समुद्रात जुने यंत्र काढून नवे आणताना काय करतात, हे जाणून घ्यायला आवडेल.

खारट

नेमके तेच, जे आपल्याला त्या जाणत्या गृहस्थांनी उशिरा सांगितले. जुनी आणि नवी पद्धत काही काळ एकाच पाण्यावर शेजारी-शेजारी चालवतात, आणि दोन वेगळ्या प्रयोगशाळांकडून एकाच जागेच्या नमुन्यांची तपासणीही होते. अलोहाच्या पाण्याचे नमुने सुरुवातीपासून कीलिंग यांच्या प्रयोगशाळेतही तपासले जात होते. आणि जिथे बदलण्याची गरज नाही तिथे बदलत नाहीत. पाण्यातील प्राणवायू मोजण्याची विंकलर पद्धत १८८८ सालची आहे आणि आजही संवेदकांचे आकडे तिच्यावरूनच तपासले जातात. आपली वही मात्र टाकून देऊ नका. मापक पुन्हा अंगणात ठेवून दोन पावसाळे दोन्हीकडे मोजलेत तर मधली तीन वर्षे अजूनही दुरुस्त होऊ शकतात.

मांडवीकाठ

विंकलरचे नाव निघाले म्हणून लिहितो. ही चर्चा हवाईपुरतीच राहू नये, कारण असे एक ठिकाण आपल्या दाराशीही आहे. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ पासून कांदोळीसमोरच्या समुद्रात ठरावीक जागी पाणी मोजण्याचे काम चालवले आहे. त्यातील मुख्य जागा किनाऱ्यापासून जेमतेम दहाएक किलोमीटरवर, सुमारे २७-२८ मीटर खोलीची. अलोहाच्या तुलनेत ही डबक्याएवढी खोली. पण इथे जे घडते ते तिथे कधीच घडत नाही.

जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की खोलवरचे थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागावर चढू लागते. त्याच वेळी वरून धुवाधार पाऊस आणि नद्यांचे गोडे पाणी येऊन पृष्ठभागावर झाकणासारखे पसरते. वरच्या उजेडात प्लवकांचे पीक जोरात येते, ते मरून खाली पडते, आणि झाकणाखाली अडकलेल्या पाण्यात जिवाणू तो सेंद्रिय कार्बन कुजवत राहतात. आधी प्राणवायू संपतो, मग जिवाणू नायट्रेटकडे वळतात, आणि तेही संपले की सल्फेटकडे. तेव्हा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हे टोक साधारण सप्टेंबरच्या सुमारास गाठले जाते आणि पुढे प्रवाहाची दिशा बदलली की पाणी पुन्हा स्वच्छ होते. या भागातून नायट्रस ऑक्साइड हा तापमानवाढीला कारण ठरणारा वायूही मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो, हे संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केले होते.

विद्यार्थी असताना एका सप्टेंबरात मला लहान होडीतून अशाच एका फेरीवर जाण्याची संधी मिळाली होती. मांडवीच्या मुखातून बाहेर पडलो, आग्वादचा किल्ला उजवीकडे मागे पडला, आणि त्यानंतर मी बराच वेळ होडीच्या कडेला धरून उलट्या काढण्यात घालवला. विंकलर पद्धतीत पाण्याच्या बाटलीत मँगनीजचे एक आणि अल्कधर्मी आयोडाइडचे एक अशी दोन द्रावणे टाकतात. प्राणवायू असेल तर चहात दूध फाटल्यासारखा तपकिरी साका धरतो. जितका प्राणवायू जास्त तितका रंग गडद. पृष्ठभागाची बाटली छान तपकिरी झाली. मधल्या खोलीची फिकट बदामी. तळाच्या बाटलीत साका आला तो पांढराशुभ्र, आणि कितीही हलवली तरी पांढराच राहिला. मला वाटले की माझ्या हातून द्रावण टाकायचे राहिले. बरोबरच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने बाटली घेण्याच्या नळीपाशी नाक नेले आणि मलाही वास घ्यायला सांगितला: कुजक्या अंड्यांचा. वर लाटा, पाऊस, वारा, आणि २५ मीटर खाली श्वास घ्यायला काही नाही.

सांगायचा मुद्दा असा की हे दरवर्षी घडते, पण दरवर्षी सारख्या तीव्रतेने घडत नाही. यंदा जास्त झाले ते खत आणि सांडपाण्यामुळे, वाऱ्यांमुळे, की अरबी समुद्राच्या खोल भागातील प्राणवायूच घटल्यामुळे, हे एकदोन पावसाळ्यांवरून सांगता येत नाही. आणि नेमक्या याच महिन्यांत आकाश ढगांनी भरलेले असल्याने उपग्रहाला आपला समुद्र धड दिसतही नाही. आकडेमोड यांनी डिझेलचा हिशेब मांडला तो योग्यच आहे, पण त्यात ढगही धरावेत.

जाता जाता आणखी एक. समुद्र कार्बन शोषतो हे वाक्य फळ्यावर लिहिताना सरांनी अरबी समुद्राचा अपवाद सांगितला तर बरे होईल. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात खोलवरचे, कार्बनने भरलेले पाणी वर येते आणि त्यातील कार्बन डायऑक्साइड हवेत निसटतो. सारा हिशेब केला तर आपला समुद्र हवेला वायू देणारा ठरतो. तरीही तो खाली कार्बन पाठवत नाही असे नव्हे. १९८६ साली याच संस्थेने हॅम्बुर्ग विद्यापीठाबरोबर अरबी समुद्राच्या पश्चिम, मध्य आणि पूर्व भागांत गाळसापळे टाकले, तेव्हा मोसमी वाऱ्यांबरोबर तळाकडे जाणाऱ्या कणांचे प्रमाण वाढते, हे स्पष्ट दिसले होते. एकाच समुद्राने वरून देणे आणि खालून घेणे, दोन्ही एकाच ऋतूत.

आकडेमोड

ढगांचा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हता, तो मान्य. संवेदक लावण्यासाठी बाटल्या लागतात हेही पटले. माझे एवढेच म्हणणे उरते की दरमहा की दर दोन महिन्यांनी, हा प्रश्न यंत्रे वाढत जातील तसा पुन्हा पुन्हा विचारला जावा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अलोहाच्या नोंदी कोणालाही मोफत उतरवून घेता येतात हे कळल्यावर मी पृष्ठभागाच्या सामूचे आकडे काढले आणि वर्गात आलेखकागद वाटले. आधी मुद्दाम पहिल्या चार वर्षांचेच बिंदू दिले आणि पट्टीने रेषा ओढायला सांगितली. कोणाची रेषा खाली गेली, कोणाची जवळजवळ सपाट राहिली, आणि मागच्या बाकावरच्या दोघांची चक्क वर चढली. प्रत्येकाला आपलीच बरोबर वाटत होती. मग उरलेले बिंदू दिले. तीन तास लागले, पण शेवटी सगळ्यांच्या पट्ट्या एकाच बाजूला कलल्या. मांडवीकाठ यांच्या सूचनेप्रमाणे फळ्यावरच्या वाक्यातही दुरुस्ती केली आहे.

मीटरचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीने आता नवीनच शंका काढली आहे. त्या फायलीत प्रत्येक आकड्याशेजारी आणखी एक लहान आकडा आहे, बहुतेक ठिकाणी २ आणि क्वचित कुठे ३ किंवा ४. तिने तोही आलेखावर मांडला आणि काहीच निष्पन्न झाले नाही, तेव्हा माझ्याकडे आली. ते काय आहे?

खारट

तो नमुन्याच्या प्रतवारीचा आकडा आहे. २ म्हणजे माप चांगले, ३ म्हणजे शंकास्पद, ४ म्हणजे बिघडलेले. आणि कुठे ९ दिसला तर त्या खोलीवर नमुना घेतलाच नव्हता असे समजावे. नळीत बुडबुडा आला, बूच नीट बसले नाही, बाटली चुकीच्या खोलीवर बंद झाली असा संशय आला, तर तो आकडा खोडत नाहीत; त्याच्यापुढे ३ किंवा ४ लिहून तसाच ठेवतात, म्हणजे वीस वर्षांनी कोणाला तपासायचे असेल तर तपासता येते. तिला आलेख पुन्हा काढायला सांगा, या वेळी २ असलेलेच बिंदू घेऊन, आणि ३ असलेले बिंदू वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने.